पावसाळ्यात टिकणारा कण-काउंटर: कामाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) दाखवणारे छोटे लेझर सेन्सर आता हजार-दोन हजारांत मिळतात. माझ्याकडे त्यातला पीएमएस५००३ आहे. गॅसची शेगडी पेटवून, वर भांडं न ठेवता, तो शेजारी धरला तर आकडा जवळजवळ हलत नाही. ज्योतीतून तर दर घन सेंटीमीटरला हजारोंनी कण बाहेर पडत असतात. ते काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटरचे असतात, आणि या सेन्सरची नजर ०.३ मायक्रोमीटरपाशी संपते. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बराच लहान असला की विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं घटतो. व्यास निम्मा झाला की प्रकाश चौसष्टावा हिस्सा उरतो. लेझर कितीही चांगला घेतला तरी हा हिशेब सुटत नाही. रस्त्यावर डिझेलच्या धुरातले बहुतेक कण याच मापाचे असतात आणि तेच मला मोजायचे आहेत.

उपाय जुना आहे. हवा कोमट अल्कोहोलच्या वाफेतून न्यायची आणि लगेच गार करायची. वाफ कणांवर बसते, दहा नॅनोमीटरच्या कणाभोवती काही मायक्रोमीटरचा थेंब वाढतो, आणि तो थेंब साध्या लेझरलाही दिसतो. स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिननं १८८८ साली पाण्याच्या वाफेवर हेच केलं होतं. रेघा आखलेल्या काचेवर पडलेले थेंब तो भिंगातून मोजत असे. आजचे तयार कंडेन्सेशन पार्टिकल काउंटर लाखांत जातात. वीस हजारांच्या आसपास, पुण्यात मिळणाऱ्या मालातून एक बांधायचा आहे. अल्कोहोल म्हणून आयसोप्रोपिल घेणार, पुढे आयपीए. ब्यूटॅनॉलचा वास घरात सहन होत नाही.

आराखडा असा: खाली सॅच्युरेटर, म्हणजे आयपीएत भिजलेल्या फेल्टमधून वाफ देणारा भाग, ३५ अंशांवर; वर कंडेन्सर, म्हणजे ती हवा गार करणारा भाग, १४ अंशांवर; त्यावर नोझल आणि ऑप्टिक्स, शेवटी पंप. प्रवाह मिनिटाला ०.३ लिटर.

२१ फेब्रुवारी

दोन्ही ब्लॉक ॲल्युमिनियमचे, मधे १० मिमी डेल्रिनची (कडक प्लास्टिकची) चकती, म्हणजे खालची उष्णता वर चढणार नाही. आतलं भोक ८ मिमी, प्रत्येकाची लांबी १० सेंमी. एवढ्या प्रवाहाला हवा भिंतीच्या तापमानाला यायला ही लांबी पुरते.

भोसरी एमआयडीसीतल्या लेथवर काम दिलं. ड्रॉइंगवर दोन्ही भोकं आतून पॉलिश लिहिली होती. टर्नरकाका ड्रॉइंग बघून म्हणाले, "ताई, खालच्यात तुम्ही फेल्ट बसवणार ना? मग पॉलिशचे पैसे कशाला घालवताय? उलट चरे पडलेले बरे, फेल्ट धरून राहील." खालचं भोक खरखरीत ठेवलं, वरचं रीमर मारून गुळगुळीत करून घेतलं. वरच्या भिंतीवरून थेंब अडखळत उतरला तर तो प्रवाहात तरंगतो, म्हणून तिथे तडजोड नको.

आयपीएची टाकी ॲक्रिलिकची केली होती, पातळी बाहेरून दिसावी म्हणून. भरून ठेवल्यावर रात्रीत कडांना बारीक तडे गेले. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. टाकी काचेच्या छोट्या बाटलीची केली आणि पातळी बघायला टेफ्लॉनची नळी लावली.

९ मार्च

प्रवाह. आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो घालवण्यासारखाच आहे. मोजलेले कण भागिले मोजलेली हवा हेच उत्तर असतं, तेव्हा हवेत दहा टक्के चूक म्हणजे उत्तरात दहा टक्के चूक.

मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे प्रवाह ठरावीक ठेवणारं तयार उपकरण, परवडत नाही. त्याऐवजी थ्रीडी प्रिंटरचं ०.२ मिमीचं पितळी नोझल पंपाच्या आधी बसवलं. नोझलच्या पंपाकडचा दाब यंत्राकडच्या दाबाच्या ०.५३ पटीखाली आणला की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि प्रवाह तिथेच अडकतो. मग पंप कितीही ओढो, आकारमानाचा प्रवाह तोच राहतो. ०.२ मिमीला हिशेबानं मिनिटाला ०.३ लिटरच्या जवळपास येतं.

पहिला १२ व्होल्टचा पंप यात नापास झाला. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे पंपानं निदान ४५ किलोपास्कल निर्वात धरायला हवी. तो ३०च्या पुढे जाईना. हे कळायला व्हॅक्यूम गेज लागत नाही. ५० मिलीच्या ब्यूरेटमध्ये (खुणा असलेल्या काचेच्या नळीत) साबणाचा पडदा सोडायचा, स्टॉपवॉच लावायचं, आणि पंपाचा व्होल्टेज १२ वरून १० वर आणायचा. पडद्याचा वेळ बदलला नाही तर नोझल अडकलं आहे, बदलला तर नाही. दुसरा पंप दुप्पट महाग पडला, पण ५० मिलीला १० सेकंदांच्या आसपास वेळ आला आणि व्होल्टेज खाली आणला तरी हलला नाही.

नोझलच्या आधी एक छोटा फिल्टर बसवा. नाहीतर आयपीएचे थेंब भोकात बसतात आणि प्रवाह हळूहळू उतरत जातो.

२३ मार्च

लेझर ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॉटचा, तापकीर गल्लीत मिळाला. पुढे सिलिंडरच्या आकाराचं भिंग लावून किरणाची साधारण ५० मायक्रोमीटर जाडीची पट्टी केली. समोर प्रकाश गिळणारा सापळा: दाढीची पाती एकावर एक रचून, धार किरणाकडे. काजळी फासलेल्या नळीपेक्षा हे खूपच सरस निघालं. थेंबानं विखुरलेला प्रकाश टिपणारा फोटोडायोड बीपीडब्ल्यू३४, किरणाला ९० अंशांत. प्रत्येक थेंबाला त्यातून विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स, येतो.

चालू केल्यावर थोड्याच वेळात पल्सची उंची निम्म्यावर आली. लेझरला काही झालेलं नव्हतं. कंडेन्सरमधून येणारी ओलसर हवा भिंगावर दव धरत होती. ऑप्टिक्सच्या ब्लॉकला दोन रेझिस्टर चिकटवून तो ४२ अंशांवर धरला, दव थांबलं. थेंब तिथून इतक्या झपाट्यानं जातो की त्या उष्णतेनं तो विरत नाही.

५ एप्रिल

शून्याची चाचणी. तोंडाला हेपा कॅप्सूल (कण अडवणारा फिल्टर) लावली तर आकडा शून्य यायला हवा. मिनिटाला काही हजार आले.

इथे घाईनं सील बदलत बसू नका. शून्य न येण्याची तीन कारणं असतात आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात. लेझर बंद केला तरी पल्स येत असतील तर दोष इलेक्ट्रॉनिक्सचा. लेझर चालू ठेवून सॅच्युरेटर आठ-दहा अंश खाली आणल्यावर आकडा एकदम कोसळला तर कण नसतानाच वाफ आपोआप थेंब बनवते आहे. तापमानातला फरक फार ठेवला आहे. आणि आकडा थोडाच उतरला, तर बाहेरची खोलीतली हवा कुठूनतरी आत येते आहे, म्हणजे गळती.

माझ्याकडे पहिलं आणि तिसरं एकत्र होतं. कंडेन्सर गार करणाऱ्या पेल्टिअर पट्टीला दिलेला पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारी वीज, फोटोडायोडच्या तारेत उतरत होता. त्याच्या लयीतच पल्स येत होते. पेल्टिअरच्या तारेत कॉइल आणि मोठा कपॅसिटर घातला, ॲम्प्लिफायरची ग्राउंड वेगळी काढून एकाच जागी जोडली. गळती डेल्रिनच्या चकतीवर होती. तापमान बदललं की ॲल्युमिनियम आणि डेल्रिन वेगवेगळे फुगतात-आकसतात, स्क्रू यंत्र बंद असताना घट्ट आणि चालू असताना सैल. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घातल्यावर बंद झाली.

आता हेपा लावून तासाला एखाद-दुसरा पल्स येतो. तो मला चालतो.

१९ एप्रिल

खोलीतली हवा मोजली तर घन सेंटीमीटरला ५,००० पर्यंत आकडा पटण्यासारखा, पुढे तो वाढायलाच तयार नाही. उदबत्ती जवळ आणली तर उलट कमी होतो. दोन थेंब एकाच वेळी प्रकाशात आले की एक मोजला जातो.

आधी प्रवाह कमी करून बघितला. काहीच फरक नाही, आणि हिशेब मांडल्यावर ते बरोबरच होतं. थेंब हळू गेला तर प्रकाशात जास्त वेळ राहतो, जितके कमी येतात तितका प्रत्येकाचा मुक्काम वाढतो. महत्त्व फक्त प्रकाशात एका वेळी किती हवा आहे याला. ऑप्टिक्सच्या तोंडाशी असलेल्या १ मिमीच्या नोझलखाली (प्रवाह अडवणारं ०.२ मिमीचं वेगळं) ५० मायक्रोमीटरची पट्टी म्हणजे ०.०४ घन मिमी. घन सेंटीमीटरला ५,००० म्हणजे घन मिमीला ५, तेव्हा कुठल्याही क्षणी प्रकाशात सरासरी ०.२ थेंब. वीस टक्के गोंधळ तिथेच.

नोझल ०.६ मिमीचं केलं. तीच हवा ०.०१४ घन मिमी झाली, आणि ५,००० ला गोंधळ सात टक्क्यांवर आला. एवढा सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येतो.

पण नोझल बारीक केल्यावर थेंब सेकंदाला १८ मीटरनं जाऊ लागला आणि पट्टी ३ मायक्रोसेकंदांच्या आत ओलांडू लागला. ॲम्प्लिफायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर होता. तारांची काही पिकोफॅरड कपॅसिटी धरली तरी तो एवढा जलद पल्स सपाट करून टाकतो. २२० किलोओहम घातला. पल्सची उंची घटली, पण थेंब इतका मोठा असतो की प्रकाशाची टंचाई नाही. एक गोष्ट बदलली की दुसरी तपासायची, हे या यंत्रात पावलोपावली आहे.

४ मे

ओळखीतल्या एका प्रयोगशाळेत ब्यूटॅनॉलवर चालणारा तयार काउंटर आहे. त्याच्या शेजारी, एकाच टी-जोडातून हवा देऊन, दिवसभर चालवला. दुपारभर आमचा आकडा त्यांच्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी राहिला. नळी कापून अर्ध्यावर आणल्यावर फरक घटला.

बारीक कण हवेत इकडेतिकडे भरकटतात आणि भिंतीला लागले की गेले. संथ प्रवाहात ही गळती नळीच्या व्यासावर अवलंबून नसते, लांबी आणि प्रवाह एवढ्यावरच असते. मिनिटाला ०.३ लिटरला ३० सेंमी नळीत १० नॅनोमीटरच्या कणांतला दहातला एक जातो. म्हणून जाड नळी लावून काही मिळत नाही. ती तोकडी ठेवा, आणि धातूची. साध्या प्लास्टिकच्या नळीवर विद्युतभार साचतो, तो कण ओढून घेतो.

२५ मे

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या.

आयपीएची वाफ हवेत २ ते १२ टक्के असली की पेट घेऊ शकते, आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणारी हवा नेमकी त्या पट्ट्यात असते. ब्रशचा मोटर असलेला पंप वापरू नका. मी ब्रशलेस घेतला आणि बाहेर पडणारी हवा नळीनं खिडकीबाहेर सोडली. यंत्र चालू असताना त्या टेबलावर सोल्डरिंग नाही, उदबत्तीसुद्धा लांबून.

दुसरी: स्कूटरवरून नेताना यंत्र आडवं झालं, आयपीए नोझलमध्ये आणि तिथून ऑप्टिक्समध्ये गेलं. साफ करून जुळवणी परत करायला पूर्ण सुट्टी गेली. टाकीखाली तोटी बसवली आहे. हलवायचं असेल तर आधी रिकामं करायचं, फेल्ट पंपानं सुकवायचं.

२९ जून

पाऊस लागला आणि आकडे बिघडले. सकाळी ठीक, संध्याकाळपर्यंत गॅसच्या शेगडीचा आकडा सकाळच्या निम्म्याच्या खाली. हेपा लावून शून्य येतं. ब्यूरेटवर प्रवाह तोच. पल्सची उंचीही फारशी घटलेली नाही. विचित्र असं की उदबत्तीचा आकडा मात्र जवळजवळ सकाळइतकाच. म्हणजे मोठे कण मोजले जात आहेत आणि फक्त लहान निसटत आहेत. लहान कणावर थेंब वाढवायला वाफ जास्त लागते, तेव्हा वाफच कमी पडते आहे. तापमानं मात्र जागच्या जागी.

६ जुलै

टाकीतला द्रव तपासला. पिपेटनं १० मिली काढून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवला. ताज्या आयपीएचं वजन ७.८ ग्रॅम भरतं. दिवसभर चाललेल्या टाकीतल्याचं ८.१च्या वर आलं. त्यात पाणी आहे, आणि भरपूर आहे.

एप्रिलमध्ये हे का झालं नाही, तेही उलगडलं. तेव्हा दुपारी ३७ अंश आणि आर्द्रता पंचवीस टक्के, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरू लागतं तो, १३-१४ अंशांवर. कंडेन्सर १४ वर, तेव्हा त्याच्या भिंतीवर पाणी धरतच नव्हतं. आता २५ अंश आणि ८८ टक्के; दवबिंदू जवळजवळ २३. कंडेन्सर १४ वर म्हणजे हवेतलं पाणी भिंतीवर धरून थेट खाली फेल्टमध्ये. शिवाय कोमट आयपीए स्वतःच हवेतलं पाणी शोषतं, ते निराळं. टाकीत आयपीए तासाला दोन मिलीच्या आसपास उडतं, पाणी साचत जातं, आणि संध्याकाळी फेल्टमध्ये असतं ते सकाळी भरलेलं आयपीए नव्हे. परदेशी आराखडे कोरड्या, वातानुकूलित खोलीत चालतात. इथे हाच भाग मुळापासून बदलायला हवा.

२० जुलै

दोन बदल केले.

पहिला, दोन्ही तापमानं उचलली. कंडेन्सर २४, सॅच्युरेटर ४५. फरक तोच २१ अंशांचा, पण आता कंडेन्सर दवबिंदूच्या वर आहे आणि तापलेलं फेल्ट पाणी कमी धरून ठेवतं. पेल्टिअरवरचा भारही हलका झाला. मोबदल्यात आयपीएचा खप तासाला साडेतीन मिलीच्या आसपास गेला. टाकी मोठी करावी लागली.

दुसरा, कंडेन्सरवरून उतरणारं पाणी-आयपीए फेल्टमध्ये परत जाऊच द्यायचं नाही. डेल्रिनच्या चकतीत आतल्या बाजूनं गोल पन्हळ कापली, तिच्या तळाला १.५ मिमीचं तिरपं भोक, तिथून नळी खाली वेगळ्या बाटलीत. काकांनी ही पन्हळ एका बैठकीत काढून दिली.

१० ऑगस्ट

पन्हळीची बाटली बसवल्यावर हेपाखालचा आकडा शेकड्यांत गेला. बाटलीला उघडं छिद्र होतं आणि यंत्राच्या आत दाब बाहेरपेक्षा किंचित कमी, त्यामुळे खोलीतली हवा पन्हळीतून सरळ कंडेन्सरमध्ये शिरत होती. बाटली बंद केली आणि वरच्या बाजूनं दुसरी नळी यंत्राच्या आतल्या दाबाशी जोडली. आता पाणी उतरतं आणि हवा येत नाही. शून्य परत शून्यावर.

तोंडाशी सिलिका जेलचा ड्रायरही करून पाहिला: बारीक जाळीची नळी, भोवती निळे दाणे. आर्द्रता नक्की उतरते. पण या हवेत दाणे भराभर गुलाबी होतात, ओव्हनमध्ये परत सुकवावे लागतात, आणि नळीची लांबी वाढल्यानं १० नॅनोमीटरच्या कणांची गळती परत आली. काढून टाकला. बारीक कण मोजायचे नसतील त्यांना तो चालेल.

दिवसभर चालवून संध्याकाळी १० मिलीचं वजन पुन्हा घेतलं: ७.९च्या आतबाहेर. शेगडीचा आकडा सकाळ-संध्याकाळ जुळतो. याच निकालासाठी सगळी खटपट होती.

३१ ऑगस्ट

खर्च. लेथचं काम साडेसहा हजार, हाच सर्वात मोठा. पंप २,८००. पेल्टिअर आणि हीटसिंक ९००. लेझर, भिंग, पाती मिळून १,४००. ॲम्प्लिफायर, कंपॅरेटर, पीसीबी २,२००. हेपा कॅप्सूल १,८००. ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर) साडेचारशे. नळ्या, जोड, आयपीए अडीच हजार. सगळं मिळून साडेअठरा हजार. पहिला पंप, ॲक्रिलिक आणि खराब झालेली भिंगं यात धरलेली नाहीत.

कोणी बांधणार असेल तर क्रम असा ठेवा: आधी प्रवाह, मग शून्य, मग तापमान, आणि लेझरची बारीक जुळवणी सगळ्यात शेवटी. मी लेझरपाशी घालवलेल्या वेळातला बराचसा वेळ प्रवाहाला दिला असता तर एप्रिल मोकळा मिळाला असता. फेल्ट पॉलिस्टरचं घ्या. दिव्याच्या कापसाच्या वातीतून तंतू सुटतात आणि नोझलमध्ये जाऊन बसतात. आयपीए ९९ टक्क्यांच्या वरचं. सॅनिटायझरमधलं ७० टक्क्यांचं घातलं तर सुरुवातच पाण्यानं होते.

१४ सप्टेंबर

सिग्नलजवळच्या गॅलरीत ठेवला. गर्दीच्या वेळी घन सेंटीमीटरला ३०,००० च्या वर जातो, आणि तिथे प्रकाशात सरासरी ०.४ थेंब असतात. सात टक्क्यांची दुरुस्ती ठीक आहे, चाळीसची मला मान्य नाही. नोझल याहून बारीक केलं तर एक धागा आला तरी बंद पडेल.

म्हणून तोंडाशी हवा पातळ करायची आहे: एक भाग बाहेरची हवा बारीक केशनळीतून, नऊ भाग तीच हवा हेपातून. केशनळी स्टीलची, ५ सेंमीपेक्षा लांब नको, कारण आता तिच्यातून प्रवाह दहावा हिस्साच जाणार आणि भिंतीला लागणाऱ्या कणांचं प्रमाण त्याच हिशेबानं वाढणार. पातळ करण्याचं प्रमाण साबणाच्या पडद्यानं दोन्ही वाटांवर वेगळं मोजेन. मग खोलीतल्या हवेत, जिथे दुरुस्ती नगण्य असते, पातळ करून आणि न करता आलटून पालटून चालवून दोन आकड्यांचं गुणोत्तर काढेन. ते मोजलेल्या प्रमाणाशी जुळलं नाही, तर जी तफावत राहील तेवढे कण केशनळी खाते आहे. केशनळीची ऑर्डर दिली आहे.